हायवे १२: यूटाच्या लाल खडकांतून

अमेरिकेतल्या यूटा राज्यातला हायवे १२ जेमतेम सव्वाशे मैलांचा. पँगविचजवळ सुरू होतो, टोरीला संपतो, आणि फोनवरचा नकाशा तीन तासांच्या आत पोचवतो म्हणतो. त्या आकड्यावर जाऊ नका. मध्ये एक मुक्काम ठेवूनच हा रस्ता करावा, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो. सुरुवातीलाच ब्राइस कॅनियन. नावात कॅनियन असलं तरी ही एका नदीने कोरलेली दरी नाही. फटींत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, फुगतं आणि खडक फोडतं. उरतात ते केशरी सुळके, ज्यांना तिथे हूडू म्हणतात. सूर्योदयाला जा. त्यापलीकडे ब्राइसबद्दल खूप लिहिलं गेलंय.

मला सांगायचंय ते वाटेतल्या एस्कलांते गावाबद्दल. गावाबाहेर काही मैलांवर 'होल इन द रॉक' हा कच्चा रस्ता फुटतो. त्यावर २६ मैल आत पीक-अ-बू आणि स्पूकी या चिंचोळ्या घळी आहेत. स्पूकीत तर काही ठिकाणी पाठीवरची सॅक काढून आडवं सरकावं लागतं. या घळींसाठीच आम्ही मुक्काम ठेवला होता. सकाळी आधी व्हिजिटर सेंटर गाठलं. डोक्यावर आभाळ निळंशार होतं. काउंटरवरच्या रेंजरबाईंनी रडार दाखवलं आणि म्हणाल्या, "दुपारी पश्चिमेच्या पठारावर पाऊस आहे. आज मी तरी घळीत उतरणार नाही."

इथलं गणितच वेगळं. जुलै ते सप्टेंबर वळवाच्या सरी येतात. उघडा खडक पाणी शोषत नाही, सगळं घळींत धावतं. त्यामुळे पाऊस कित्येक मैल दूर पडला तरी लोंढा तुमच्यापर्यंत येतो. १९९७च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये असेच ११ जण लोंढ्यात मरण पावले. शिवाय कच्च्या रस्त्यावरची चिकणमाती भिजली की फोर-व्हील-ड्राइव्हसुद्धा अडकते. आम्ही घळी सोडल्या. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण निर्णय बदलला नाही.

मग टाकी फुल केली, पाणी माणशी चार लिटर घेतलं, नकाशे ऑफलाइन उतरवले (पुढे रेंज येते-जाते) आणि डांबरी रस्त्यानेच निघालो. आणि काय रस्ता आहे हो! पुढे हॉगबॅक लागतो: डोंगराची अरुंद धार, त्यावर दोन लेन, दोन्हीकडे दरी, बऱ्याच भागात कठडाही नाही. बोल्डर गावाला हा रस्ता होईपर्यंत टपाल खेचरांवरून यायचं, ते इथे आलं की लगेच पटतं.

तिथल्याच एका थांब्यावर खडकाजवळ गेलो. नवाहो सँडस्टोन, म्हणजे जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचा झालेला दगड. त्यावर तिरक्या बारीक रेघा असतात, एका थराच्या एका दिशेला, वरच्याच्या दुसरीकडे. वारा कुठून वाहत होता ते त्या रेघांत राहिलंय. बोट फिरवलं की रवाळ वाळू हाताला लागते. मी तिथून हलायलाच तयार नव्हते.

बोल्डरनंतर गाडी थेट ९,६०० फुटांवर चढते. वाळवंट संपून अ‍ॅस्पेनची झाडं, गार वारा, रस्त्यात मोकाट गाई. अंधारात हा टप्पा अजिबात चालवू नये. वरच्या थांब्यावरून पूर्वेला वॉटरपॉकेट फोल्ड दिसतो, जमिनीला पडलेली सुमारे १०० मैलांची घडी. दुपारी मागे एस्कलांतेच्या बाजूला ढग काळे झाले, विजा चमकू लागल्या. रेंजरबाईंचे मनोमन आभार मानले.

टोरीहून कॅपिटॉल रीफ नॅशनल पार्क जवळच. तिथे फ्रूटा नावाच्या जुन्या वस्तीत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतवाल्यांनी लावलेल्या फळबागा आता पार्क सांभाळतं. हंगामात 'यू-पिक' पाटी लावलेल्या बागेत हाताने फळं तोडता येतात. बागेत खाल ते फुकट, बाहेर न्याल ते वजन करून स्वतःच पैसे भरायचे. आम्ही पिशवीभर पीच घेतले.