डायफॅनिया इंडिका: मादीचा झुपका अखेर दिसला

कारल्याच्या पानांवर वाढवलेल्या डायफॅनिया इंडिका या पतंगाच्या या खेपेच्या कोषांतून बहुतेक पतंग बाहेर आले आहेत. या पिढीकडून मला मुख्यतः एकच गोष्ट हवी होती: मादीच्या पोटाच्या टोकाचा झुपका पूर्ण उमललेला बघायचा. तो बघितला, आणि फोटोंपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी सुंदर आहे!

अळ्यांचं थोडक्यात सांगतो. लहानपणी त्या पानाच्या खालच्या बाजूचा हिरवा भाग खरवडून खातात, शिरा तेवढ्या ठेवतात. मोठ्या झाल्या की रेशमाने पान दुमडून आत राहतात. हिरव्या अंगावर पाठीवरून सरळ जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा ही पक्की खूण. दुमडलेलं पान उघडून बघायचा मोह टाळा आणि विष्ठा रोज काढा, नाहीतर डब्यात बुरशी धरते. एका अळीने खाणं सोडलं आणि तिच्याजवळ छोटा पांढरा कोष दिसला. त्यातून ब्रॅकोनिड कुळातली परजीवी गांधीलमाशी निघाली. तो कोषही वेगळा ठेवला होता, कारण तीही नोंदच आहे.

आता पतंग. पंखांचा मधला भाग पांढरा, अर्धपारदर्शक आणि कडेला गडद तपकिरी पट्टा. प्रकाश तिरपा पडला की पांढऱ्यावर रंगांची झाक फिरते. डोक्यापुढे आलेले पाल्प (तोंडाजवळचे स्पर्शक अवयव) बाजूने घेतलेल्या फोटोतच नीट कळतात.

झुपक्याचे लांब खवले पोटाच्या सातव्या वलयाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत मिटलेले असतात. अंधारात मादी शांत बसली की ते बाहेर काढते, आणि फिकट तपकिरी झुपका शेवंतीसारखा उमलून हळूहळू हलत राहतो. नरात तो नावापुरताच असतो. लाल प्रकाश मंद ठेवला की मादी बिचकत नाही. फ्लॅश मारला की झुपका लगेच आत जातो.

ओळख पटवताना ठिकाणही बघा. अमेरिका खंडातला डायफॅनिया हायलिनाटा इतका सारखा दिसतो की फक्त पंखांवरून ठरवणं धोक्याचं. आपली जात 1851 साली कीटकतज्ज्ञ सॉन्डर्सने नोंदवली.

पानाच्या खालच्या बाजूला अंडी दिसली आहेत. पुढची खेप अर्धी कारल्यावर, अर्धी काकडीवर वाढवणार आहे; अळ्यांच्या वाढीत फरक पडतो का ते बघायचंय.