इन्गास कॅमेरा अपडेट: एनयूसी का टिकत नव्हतं ते सापडलं

मंडळी, तीन आठवडे काहीच टाकलं नाही कारण टाकण्यासारखं काही नव्हतंच, रोज तेच रडगाणं. काल रात्री दीड वाजता कारण सापडलं आणि आता लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

सेटअप तोच, इन्गास म्हणजे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड टिपणारा ३२० बाय २५६ चा जुना सेन्सर, ३० मायक्रॉनचे पिक्सेल, पॅकेजच्या आत सिंगल स्टेज टीईसी (विजेवर चालणारा छोटा कूलर). मागच्या वेळी टू-पॉइंट एनयूसी (पिक्सेलांमधला आपापसातला फरक दोन पातळ्यांवर मोजून चित्रातून काढणारी दुरुस्ती) बसवलं तेव्हा चित्र कसं लख्ख आलं होतं ते तुम्ही पाहिलंत, पण पंधरा मिनिटं गेली की परत सगळीकडे वाळू पसरल्यासारखे दाणे, मग परत एनयूसी घ्या आणि परत पंधरा मिनिटं. हॅलोजनखाली सफरचंदाचा मार बघायचा असेल तर फरक पडत नाही, सिग्नल भरपूर असतो. पण मला बघायचंय आयसीजीचं (इंडोसायनीन ग्रीन नावाच्या रंगद्रव्याचं) फ्लुरोसन्स, त्याचा पीक ८०० च्या जरा पुढे आणि १००० नॅनोमीटरपलीकडे नुसतं शेपूट. तिथे हे दाणे सिग्नललाच गिळतात.

आधी एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) रेफरन्सवर संशय घेतला, बदलला. मग सप्लायवर, म्हणून सगळं बॅटरीवर चालवून पाहिलं. मग वाटलं खिडकीवर दव धरतंय, म्हणून डबा सील करून आत सिलिका जेल भरलं. काही म्हणजे काही फरक नाही. तापमानाकडे मी वळलेच नाही कारण थर्मिस्टरचं (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग ०.०२ अंशात खिळलेलं होतं, त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला.

काल शेवटी लेन्सवर झाकण लावून चाळीस मिनिटं आलटून पालटून फ्रेम घेतल्या, एक ०.१ मिलिसेकंदाची, एक ५० ची. छोटीवाली ढिम्म हलली नाही, ५० वाली सरासरी ७ टक्क्यांनी वर गेली. इलेक्ट्रॉनिक्स सरकत असतं तर दोन्ही सारख्याच सरकल्या असत्या ना! एक्सपोजरच्या प्रमाणात वाढतंय म्हणजे डार्क करंट (अंधारातही पिक्सेलमधे वाहणारा करंट), आणि डार्क करंट वाढतोय म्हणजे चिप तापतेय. ढोबळ मानाने दर ८ अंशाला दुप्पट धरला तर ७ टक्के म्हणजे जेमतेम पाऊण अंश. एवढ्यासाठी तीन आठवडे!

झालं असं की एनयूसीच्या फ्रेम मी ५ एफपीएसला घ्यायचे आणि रेकॉर्डिंग ६० ला. फ्रेम रेट वाढला की रीडआउट चिप जास्त तापते, थर्मिस्टर मात्र बसलाय कूलरच्या कडेला, त्यामुळे पीआयडी (कूलर सांभाळणारा कंट्रोलर) इमानदारीने ती कड थंड ठेवतो आणि मधे चिप आपली वर सरकत राहते, त्यात हीटसिंकही हळूहळू गरम होतो. ५ आणि ६० मधे अदलाबदल करून तीनदा तपासलं, तिन्ही वेळा तसंच. आता एनयूसी आणि रेकॉर्डिंग एकाच फ्रेम रेटला, आणि त्याआधी वीस मिनिटं वॉर्म-अप. दाणे बरेचसे गेले.

बरेचसे, सगळे नाही. उरलेल्यासाठी सर्वोवर शटर लावून दर दोन मिनिटांनी ताजी डार्क फ्रेम (प्रकाश बंद करून घेतलेली) घ्यायची असं ठरवलं होतं, पण टाइमलॅप्समधे दर वेळी खंड पडतो ते मला नकोय. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं की बॅड पिक्सेल मॅपमधे (बिघडलेल्या पिक्सेलांच्या यादीत) टाकून दिलेले हॉट पिक्सेल हेच थर्मामीटर आहेत की! त्यांचा डार्क करंट इतका मोठा की शेजाऱ्यांची सरासरी वजा केली तर प्रकाश निघून जातो आणि तापमान उरतं. थांबा, जुन्या रेकॉर्डिंगवर चालवून बघते.

बघितलं. डार्क मॅपला हॉट पिक्सेलवरून काढलेल्या गुणकाने स्केल केलं तर उरलेले दाणे साधारण निम्मे झाले. पूर्ण का गेले नाहीत त्याचाही अंदाज आहे, डिफेक्टवाल्या पिक्सेलमधे जनरेशन-रीकॉम्बिनेशनचा (दोषांमुळे येणारा) करंट जास्त, तो तापमानाबरोबर चांगल्या पिक्सेलपेक्षा सावकाश वाढतो. म्हणजे एकच गुणक सगळ्यांना चालणार नाही, दोन गटांचा संबंध आधी मोजून ठेवायला लागेल. शटरचं काम तूर्त बाजूला.

एक आनंदाची गोष्ट. इंट्रालिपिडमधे (ऊतकासारखा प्रकाश विखुरणारं दुधाळ द्रावण) ३ मिलिमीटर खोल आयसीजीची केशनळी ठेवली, ८०८ चा लेसर (गॉगल लावूनच, कृपया!), ११०० चा लाँगपास (त्याच्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर), आणि नळीच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या दिसल्या. मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. आपल्या जुन्या सेन्सरचा एक फायदा इथे कळतो, मागचा इंडियम फॉस्फाइडचा थर ९०० च्या खालचं बहुतेक सगळं शोषतो, त्यामुळे ८०८ ची गळती फिल्टरवर एकट्यावर पडत नाही. पातळ थराचे नवे सेन्सर दृश्य प्रकाशही बघतात, त्यांना हे फुकट मिळत नाही. आणि लेन्स घेताना १०५० ते १७०० चं कोटिंगच घ्या, दृश्य प्रकाशाच्या कोटिंगवर मी आधी बराच प्रकाश परावर्तनात घालवलाय. सेकंडहँड सेन्सर देणाऱ्याकडून बॅड पिक्सेल मॅप मागून घ्या, मला मिळाला नव्हता.

आता १४५० चा बँडपास (फक्त त्याच्या आसपासचा प्रकाश सोडणारा फिल्टर) लावायचाय. पाणी तिथे प्रकाश खातं म्हणून सगळे टाळतात, पण इकडेतिकडे आपटून लांबून येणारे फोटॉन जास्त पाण्यातून येतात म्हणून तेच आधी मरतात आणि कॉन्ट्रास्ट उलट वाढतो, यावर २०१८ साली पेपरही आलेत. सिग्नल फार कमी पडेल, एक्सपोजर सेकंदांत जाईल, म्हणून आधी ते हॉट पिक्सेलचं गणित. उद्या कूलरचं सेटिंग अर्ध्या अर्ध्या अंशाने हलवून दोन्ही गटांचे कर्व्ह काढते.