आज आईने भाकरी खाल्ली
आज आईच्या ताटात ज्वारीची भाकरी आली, चतकोराच्याही निम्मी, पण सावकाश चावत पूर्ण खाल्लीन आणि काही त्रास नाही, खूप बरं वाटलं!! स्लीव्हच्या ऑपरेशननंतर (वजन कमी करायला जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ते) आधी नुसतं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी असं करत आलो. साधारण 6 ते 8 आठवड्यांनी घट्ट जेवण सुरू करतात, पण डाएटिशियन मॅडम म्हणाल्या नुसतं कॅलेंडर बघू नका, मऊ नीट जातंय का ते बघा. ताटात आधी पनीर, घट्ट वरण, भाकरी शेवटी. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास थांबायचं.

आणि नातेवाईकांनो, हात जोडून सांगते, "अजून एक घास घे गं" नका म्हणू, पोटाची आतली जखम भरून यायला वेळ लागतो, घाईत गिळलेला घास अडकला की छातीत दुखतं, उलटी होते.