तुम्ही विचारलंत म्हणून: खोऱ्यातल्या गावात राहून एका दिवसाचा ट्रेक कुठला करावा?

सुट्ट्या जवळ आल्या की मला हा प्रश्न हमखास येतो. "अगं, आम्ही चार दिवस नदीकाठच्या एका गावात राहणार आहोत, चारी बाजूंनी डोंगर आहेत, तंबूबिंबू काही नाही, सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, तर त्यातल्या त्यात बेस्ट ट्रेल कुठला?" आणि दरवेळी मी उलट विचारते, की नदी कुठल्या दिशेला वाहते आणि तुम्ही सकाळी किती वाजता निघू शकता? समोरच्याला वाटतं मी टाळतेय. पण खरंच सांगते, या दोन गोष्टी कळल्याशिवाय ट्रेलचं नाव सांगण्यात काही अर्थ नसतो, म्हणून आज सगळं नीट लिहून काढते.

खोरं म्हणजे दोन भिंती आणि मध्ये नदी. भिंती सारख्याच उंच दिसल्या तरी चालताना त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नदी पूर्व-पश्चिम वाहत असेल तर आपल्या उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर दिवसभर ऊन, तिथला बर्फ आधी जातो, वाट लवकर कोरडी होते, पण भर उन्हाळ्यात तिथेच घशाला कोरड पडते. समोरच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर सावली, जास्त दाट झाडी, ओल, आणि एखाद्या घळीत सीझन सुरू झाला तरी कडक झालेला बर्फ. नदी उत्तर-दक्षिण असेल तर हिशोब वेगळा. पूर्वेकडच्या भिंतीवर सकाळी उशिरापर्यंत सावली राहते, म्हणजे मोठा चढ थंडाव्यात उरकतो, तर पश्चिमेकडच्या भिंतीवर सकाळीच ऊन येतं, त्यामुळे थंडीच्या दिवसात तिकडे जावं. हे कुठल्याही नकाशावर दोन मिनिटांत कळतं आणि तरी फार कमी लोक बघतात.

अजून एक. तुम्हाला जो डोंगर बघायचाय त्याच्यावर जाऊ नका, त्याच्या समोरच्या भिंतीवर जा. फ्रान्समधलं शामोनी घ्या, आर्व्ह नदीच्या खोऱ्यातलं गाव, उंची साधारण १०३५ मीटर. माँ ब्लाँ अख्खा डोळ्यांत भरून घ्यायचा तर नदीच्या पलीकडच्या एग्युई रूज या डोंगररांगेच्या बाजूला चढायचं, तिथे लाक ब्लाँ नावाचं तळं आहे २३५२ मीटरवर. थेट गावातून निघालात तर तेराशे मीटरचा चढ, आणि मधल्या फ्लेजेर या रोपवेच्या ठाण्यापासून (१८७७ मीटर) सुरुवात केलीत तर पाचशेसुद्धा नाही. तळं तेच, नजारा तोच, पण ट्रेक पूर्ण वेगळे. म्हणून कुणी नुसतं "लाक ब्लाँ कर, सोपं आहे" म्हणालं तर पहिला प्रश्न हा विचारायचा की कुठून?

चढाचा हिशोब हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, कारण लोक फक्त किलोमीटर विचारतात. "बाराच किलोमीटर आहे ना, आम्ही रोज चालतो." अहो, सपाटीवरचे बारा आणि डोंगरातले बारा यांचा काही संबंध नाही. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम मांडला, जो आजही वापरतात, दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे बारा किलोमीटर आणि नऊशे मीटर चढ असेल तर जवळपास चार तास, तेही न थांबता, न फोटो काढता, दमदार माणसाचे. तुमच्याआमच्यासारख्यांनी त्याची दीडपट करावी, म्हणजे झाले सहा. स्वित्झर्लंडमध्ये वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो, मला ती पद्धत फार आवडते, पण त्या वेळेतही विश्रांती धरलेली नसते हे लक्षात ठेवा. तिथे खुणांचे रंगही बघायचे, नुसती पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय जपून टाकावा लागतो, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला तर ती वाट नवख्यांची नाही, सरळ मागे फिरा.

आता वेळेबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. लवकर निघा. आठ-साडेआठ नाही, उजाडताना. खोऱ्यात रात्री थंड हवा खाली येऊन साचते, त्यामुळे सकाळी गावात धुकं आणि वर लख्ख आकाश असं बऱ्याचदा होतं, लोक खिडकीतून धुकं बघून परत झोपतात आणि दिवसातला सगळ्यात चांगला भाग घालवतात. मग ऊन चढलं की उतार तापतात, हवा वर सरकते, दुपारपर्यंत माथ्यावर ढग आणि उन्हाळ्यात कितीतरी वेळा विजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, आणि तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही धोक्यात आहात, डोंगराची धार सोडून खाली यायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जायचं नाही.

आणि ओढे. हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. हिमालयात एका खोऱ्यात आम्ही सकाळी सातला एक ओढा ओलांडला, घोट्याएवढं पाणी, पाच दगडांवर पाय टाकत पलीकडे, बूटसुद्धा ओले झाले नाहीत. दिवस अगदी छान गेला, पावसाचा थेंब नाही, आणि चार वाजता परत त्याच जागी आलो तर पाच दगडांपैकी एकच दिसत होता, तोही मध्येच बुडायचा. पाणी राख कालवल्यासारखं करडं, तळ दिसत नव्हता, आणि आत दगड एकमेकांवर आपटल्याचा बारीक गडगड आवाज येत होता, तो काठावर उभं राहिलं तर तळपायाला जाणवायचा. माझा मित्र काठी टेकवून बघायला वाकला आणि काठी हातातून खेचली गेली, एका सेकंदात. तेव्हाच ठरवलं की इथून जायचं नाही. दीड तास वर चढून पूल गाठला आणि टॉर्चच्या उजेडात गावात पोचलो. कारण साधं आहे, वरचा बर्फ दिवसभर वितळतो आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून असे ओढे पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर सगळ्यात जास्त असतात. त्यामुळे वर बर्फ असेल आणि वाटेत पूल नसलेला ओढा असेल तर तो ट्रेल परतीच्या वेळेवरून ठरवायचा, जाण्याच्या नाही. आणि कधी ओलांडावाच लागला तर सॅकचा कमरेचा बेल्ट आधी सोडा.

परत फिरण्याची वेळ घरातूनच ठरवून निघा. माझी दुपारी एकची असते, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. खोऱ्यात सूर्य डोंगराआड जातो तो मोबाईलवरच्या सूर्यास्ताच्या कितीतरी आधी, आणि सावली पडली की थंडी लगेच झोंबते, त्यात दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान कमी होतं ते वेगळंच. उतरताना दमलेले पाय घसाऱ्यावर घसरतात, ढोरवाटा खऱ्या वाटेसारख्या दिसतात आणि शॉर्टकट म्हणून धरलेली डोंगराची सोंड कड्यावर जाऊन संपते. माझ्या दोन्ही वाईट चुका उतरतानाच झाल्यात, चढताना एकही नाही. वाट हरवली असं वाटलं तर खाली रेटत राहू नका, शेवटची पक्की खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत परत चढा, कितीही जिवावर आलं तरी.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. पाणी, रेनकोट, एक गरम थर, हेडटॉर्च, डाउनलोड केलेला नकाशा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी कुठे जातोय आणि कधी येणार हे सांगून निघणं, हे मात्र कधीच चुकवू नका.

तर चार दिवसांत काय करायचं? पहिल्या दिवशी वर जाऊ नका. गाव उंचावर, म्हणजे अडीच हजार मीटरच्या आसपास किंवा वर असेल तर शरीरालाही तो दिवस लागतो. नदीच्या काठाने वरच्या अंगाला दोन-तीन तास चाला, कुठले ओढे येऊन मिळतात, पूल कुठे आहेत, कुठल्या बाजूला ताजी दरड दिसते ते बघा. परत येऊन चार वाजता पुलावर उभे राहा आणि सावली कुठल्या भिंतीवर कुठपर्यंत चढलीय ते बघा, पाण्याचा रंग बघा. मग मला फोन करा, ट्रेलचं नाव तेव्हा ठरवू.