माझा अनुभव: ब्राचं माप नीट कसं घ्यायचं

ब्राच्या लेबलवर एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा छातीभोवतीच्या पट्ट्याचा, अक्षर कपाचं. माप घेताना सर्वांत जास्त गोंधळ मला आकड्यापाशीच दिसतो. ‘३४ म्हणजे नक्की कुठले ३४ इंच?’ असं विचारलं की बहुतेकजणी ‘छातीचे’ म्हणतात. खरं तर तो पट्टा स्तनांच्या खाली, बरगड्यांवर बसतो. आणि तिथे टेप लावली तरी ३४ इंच भरतीलच असं नाही. हे का, ते पुढे येईलच, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आधी टेप हातात घेऊ.

शिवणकामाची मऊ टेप लागते. ती जुनी असेल तर आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून बघावी. वापरून वापरून टेप ताणली जाते आणि मापात सहज अर्धा-एक सेंटिमीटर खाते. टेपचं शून्य धातूच्या टोकापासून सुरू होतं की थोडं आतून, हेही बघून ठेवावं. समोर आरसा हवाच. पाठीमागून टेप खाली घसरली की माप चुकतं आणि ते आपल्याला आपोआप कळत नाही. माप उघड्या अंगावर किंवा पॅड नसलेली पातळ ब्रा घालून घ्यावं. पॅड असलेल्या ब्रावरून घेतलं तर आपण फोमही मोजतो.

दिवसही बघावा. पाळीच्या आधी काही दिवस स्तन जड आणि भरलेले असतात, त्यामुळे तेव्हा घेतलेलं माप एखाद्या कपाने मोठं येऊ शकतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातलं माप मी धरते. ज्यांना हा फरक फार जाणवतो त्यांनी दोन्ही वेळची मापं लिहून ठेवावीत. त्या दिवसांसाठी एक कप मोठी ब्रा वेगळी ठेवणं अजिबात चैनीचं नाही.

आता स्तनांखालचं माप, म्हणजे अंडरबस्ट. स्तन जिथे बरगड्यांना मिळतात त्या घडीच्या अगदी खाली टेप लावायची, पाठीवरही ती त्याच पातळीत, जमिनीला समांतर. हे माप मी तीन प्रकारे घेते. टेप नुसती टेकवून घेतलेलं सैल माप. टेप अंगाला लागेल पण रुतणार नाही असं बेताचं माप. आणि श्वास पूर्ण सोडून, टेप ओढून घेतलेलं घट्ट माप. बेताचं माप मुख्य धरायचं. बाकीची दोन बरगड्यांवर मांस किती आणि ते किती दबतं ते सांगतात. बेताच्या आणि घट्ट मापात दीड-दोन इंचांचा फरक असेल तर पट्टा जरा कमी आकड्याचा चालतो, कारण अंग तेवढं दबून घेतं. फरक जेमतेम अर्धा इंच असेल तर बरगड्या हाडकुळ्या आहेत. तिथे कमी आकड्याचा पट्टा दिवसभर टोचेल, श्वास अडल्यासारखा वाटेल.

छातीचं माप उभं राहून आणि वाकून, असं दोनदा घ्यायचं. आधी सरळ उभं राहून, स्तनांचा जो भाग सर्वांत पुढे आहे तिथून टेप न्यायची. ती दाबायची नाही. नुसती टेकली पाहिजे. मग कमरेतून पुढे वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून, परत सर्वांत भरलेल्या भागावरून. वाकून घेतलेलं माप बऱ्याच जणी टाळतात, पण माझ्या मते सर्वांत मोलाचं तेच आहे. स्तन मऊ किंवा ओघळलेले असतील तर उभं राहिल्यावर त्यांचा बराच भाग खाली आणि काखेकडे पसरतो आणि टेपमध्ये येतच नाही. वाकल्यावर तो सगळा पुढे येतो. कपात शेवटी तेवढं सगळं मावायचं असतं. दोन मापं जवळजवळ सारखी आली तर उभं राहून घेतलेलं पुरे. एक इंच किंवा त्याहून जास्त फरक असेल तर मी सरासरी काढते. वाकताना टेप पाठीवरून मानेकडे सरकते. ती दुसऱ्या कुणी धरली तर बरं, नाहीतर आरशात बाजूने बघत राहायचं.

सगळे आकडे अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत लिहून काढावेत आणि नंतर इंचात करावेत. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

आता हिशोब. पट्ट्याचा आकडा काढायच्या दोन पद्धती आज एकाच वेळी चालू आहेत. जुन्या पद्धतीत अंडरबस्टमध्ये चार इंच मिळवतात. माप विषम आलं तर पाच, म्हणजे आकडा सम होतो. नव्या पद्धतीत काहीच मिळवत नाहीत, जवळचा सम आकडा धरतात. दोन्हींत कपाचं अक्षर छातीचं माप वजा पट्ट्याचा आकडा असंच निघतं: एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन सी, चार डी, पाच डीडी.

एक उदाहरण घेऊ. अंडरबस्ट बेताचं ७५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकोणतीस इंच. छाती उभं राहून ३४ इंच, वाकून साडेपस्तीस, सरासरी पावणेपस्तीस. जुन्या पद्धतीने साडेएकोणतीस अधिक चार, म्हणजे साडेतेहतीस, म्हणून पट्टा ३४; छातीशी फरक पाऊण इंच; उत्तर ३४ ए. नव्या पद्धतीने पट्टा ३०, फरक पावणेपाच इंच. उत्तर ३० डीडी. एकाच बाईची ही दोन उत्तरं! आणि ती एकाच ब्राची दोन नावं आहेत असंही नाही. ३० डीडीच्या कपाएवढाच कप ३४ च्या पट्ट्यावर हवा असेल तर तो ३४ सी असतो. म्हणजे जुन्या हिशोबात पट्टा चार इंचांनी मोठा झाला आणि कप मात्र दोन अक्षरांनी मागे पडला. पट्टा वर सरकतो, स्ट्रॅप खांद्यात रुततात आणि कपातून वरचा भाग बाहेर येतो, असं सगळं एकत्र दिसलं की कारण बहुधा हेच असतं.

मिळवलेले चार इंच लेबलवरही दिसतात. युरोपातला ७५ हा आकडा अंडरबस्टचे सेंटिमीटर सांगतो. तक्त्यांत त्याच्या शेजारी ३४ छापलेला असतो. ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. चार मिळवल्याशिवाय त्याचे ३४ होत नाहीत. म्हणून कुठल्याही कंपनीचा तक्ता समोर आला की मी आधी एवढंच बघते: ३४ च्या ओळीत अंडरबस्ट किती दिलंय? २९-३० इंच दिलं असेल तर तिथे मिळवणी आहे. ३३-३५ दिलं असेल तर नाही.

तक्ता काही म्हणो, शेवटचा शब्द ब्राचा. नवी ब्रा हातात आली की टेबलावर ठेवून पट्टा एका टोकापासून हूकच्या सर्वांत सैल ओळीपर्यंत मोजते, आधी न ताणता, मग दोन्ही टोकं धरून जेवढा सहज ताणला जाईल तेवढा ताणून. ताणलेली लांबी अंडरबस्टच्या बेताच्या मापाएवढी किंवा एखाद-दीड इंच जास्त असेल तर पट्टा ठीक. चार इंच जास्त असेल तर तो पाठीवर वर चढणार. ताणूनही माप गाठत नसेल तर इलॅस्टिक पहिल्या दिवसापासून शेवटच्या टोकाला असेल. ते टोचेलही आणि लवकर मरेलही. वरच्या उदाहरणातल्या बाईसाठी मी ३० डीडी आणि ३२ डी या दोन्ही ब्रा काढून ठेवीन आणि पट्टा बघून ठरवीन.

३० डीडी आणि ३२ डी अशा जोड्यांना सिस्टर साइझ म्हणतात. पट्टा एका घराने वाढला की अक्षर एक घर मागे, कपात मावणारं आकारमान साधारण तेवढंच. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी यांचे कप जवळपास सारखे. ‘डी म्हणजे खूप मोठं’ ही समजूत इथेच गळून पडते: पट्ट्याच्या आकड्याशिवाय अक्षराला काही अर्थ नाही. सडपातळ बाईला तिचा साइझ डीडी आहे असं सांगितलं की ती दचकते, आणि तेवढ्या दचकण्यापायी वर्षानुवर्षं चुकीची ब्रा घालत राहते, याचं मला फार वाईट वाटतं. सिस्टर साइझ मात्र एकच पायरी वापरावा. दोन पायऱ्या सरकलात की कपाखालच्या तारेची रुंदी आणि स्ट्रॅपमधलं अंतर पट्ट्याबरोबर वाढतं, कप काखेत जातो आणि स्ट्रॅप खांद्यावरून घसरतात.

डीच्या पुढची अक्षरं देशागणिक बदलतात. अमेरिकेत १९३२ मध्ये एस. एच. कॅम्प कंपनीने अक्षरं वापरायला सुरुवात केली तेव्हा ती ए ते डी एवढीच होती. पुढच्या मापांना ज्याने त्याने आपापली नावं दिली. ब्रिटनमध्ये डीडीनंतर ई, एफ, एफएफ, जी, जीजी असा क्रम लागतो. अमेरिकी मापात डीडीनंतर डीडीडी किंवा एफ. युरोपात दुहेरी अक्षरं सहसा नसतातच, डीनंतर थेट ई, आणि तिथे फरक दर दोन सेंटिमीटरला एक अक्षर असा चालतो. फ्रान्स आणि स्पेनमध्ये पट्ट्याच्या आकड्यात आणखी १५ मिळवलेले असतात: तिथला ९० म्हणजे बाकी युरोपातला ७५. जपानमध्ये अक्षर आधी येतं, बी७५ असं. तेव्हा नुसतं ‘माझा साइझ एफ’ म्हणणं पुरत नाही, कुठल्या पद्धतीचा एफ तेही लिहून ठेवा.

घालून बघताना क्रम असा. सर्वांत सैल हूकवर लावायची. नव्या ब्राचा पट्टा त्याच ओळीवर नीट बसला पाहिजे. आतल्या ओळी पुढे इलॅस्टिक सैल झाल्यावर लागतात. मग जरा पुढे वाकून, विरुद्ध हाताने काखेकडचा आणि खालचा भाग कपात ओढून घ्यायचा, तार थेट घडीत बसवायची आणि सरळ व्हायचं. कप लहान आहे हे पुष्कळदा इथेच उघड होतं. भाग ओढून न घेता बघितलं तर तो बरोबर असल्यासारखा दिसतो. स्ट्रॅप सगळ्यात शेवटी जुळवायचे.

वजनाचा मोठा वाटा पट्ट्याने पेलायचा असतो. म्हणून पाठीमागचा पट्टा पुढच्याच पातळीत, आडवा राहिला पाहिजे. तो वर चढत असेल तर पट्टा सैल आहे. त्यावर स्ट्रॅप आखडून घेणं हा नेहमीचा उपाय नेमका उलटा: आखडलेले स्ट्रॅप पट्ट्याला आणखी वर ओढतात. खांद्यावर खळगे पडतात त्याचंही कारण बहुतेक वेळा तेच.

पट्टा घट्ट वाटला तर लगेच मोठा आकडा घेऊ नका. ब्रा उलटी घाला, कप पाठीवर मोकळे आणि हूक समोर. अशा वेळी पट्टा आरामात बसत असेल तर घट्टपणा पट्ट्याचा नाहीच, कप लहान आहे. स्तन कपात मावत नाहीत म्हणून पट्ट्याची लांबी ओढून घेतात. या एका चाचणीने बहुतेक वाद मिटतात.

तार असलेल्या ब्रात दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तो अधांतरी राहिला तर कप लहान असण्याचीच शक्यता जास्त. स्तन एकमेकांना अगदी लागून असतील तर मात्र योग्य मापातही तो टेकत नाही आणि तिथे मधला भाग बुटका असलेली ब्रा घ्यावी. काखेच्या बाजूला तारेचं टोक स्तनावर चढत असेल तर एक अक्षर वर जा. कपाच्या काठावरून फुगवटा दिसला तर तेच.

कप वरून मोकळा राहणं फसवं असतं. तो मोठा असेल, किंवा इतका लहान असेल की स्तन खालपर्यंत पोचलेच नाहीत आणि वर पोकळी राहिली. आधी वाकून भाग ओढून घ्या, मग ठरवा. तरीही पोकळी राहिली तर आकार बघावा लागतो: खालून भरलेल्या स्तनांवर साच्यातला फोमचा उंच कप वरून उघडा राहतोच, माप कितीही बरोबर असलं तरी. फोमचा कप स्वतःचा आकार सोडत नाही. शिवणीचा, जोड असलेला कापडी कप अंगाप्रमाणे बसतो. टेप आकारमान सांगते, आकार सांगत नाही.

दोन्ही बाजू सारख्या नसणं अगदी सर्वसाधारण आहे. माप नेहमी मोठ्या बाजूचं धरायचं आणि दुसऱ्या कपात काढता येणारं पॅड घालायचं. गरोदरपणात कपाबरोबर बरगड्यांचा घेरही वाढतो, तेव्हा पट्ट्याला हूकची जादा पट्टी जोडून काही महिने निभावता येतं. पण कप लहान पडू लागले की नवीन मापच घ्यावं. दूध पाजत असताना तार काखेकडे दाबत असेल तर ती ब्रा लगेच बाजूला ठेवावी.

ठरलेलं मापही कायमचं नसतं. वजनात फरक पडला, बाळंतपण झालं, रजोनिवृत्ती आली, की टेप परत काढायची. ब्राचंही तसंच: सर्वांत आतल्या हूकवर लावूनही पट्टा वर चढू लागला की इलॅस्टिक संपलं. ते लवकर संपू नये म्हणून कोमट पाण्यात हाताने धुवावी, पिळू नये आणि ड्रायरमध्ये घालू नये.