तुम्ही विचारलेत म्हणून : मान आणि वाटा

कॅनडात आठ वर्षे राहून आम्ही कोल्हापूरला परतलो, त्याला आता बराच काळ लोटला. तरीही मुलाला तिकडे पाठवण्याच्या विचारात असलेले कोणी ना कोणी आई-वडील राजारामपुरीतल्या आमच्या घरी येतात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारतात : “मॅडम, तिकडं सगळ्यांच्या भाषेला, सणांना कायद्यानं मान हाय म्हणत्यात. मग आपली शिकलेली पोरं गोदामात रात्रपाळी का करत्यात?” दोन वाक्यांत याचे उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

मान आहे, हे आधी सांगितले पाहिजे. ज्या देशाने आत येणाऱ्या चिनी माणसाकडून १८८५ पासून ५० डॉलर आणि १९०३ पासून ५०० डॉलर डोईपट्टी घेतली, १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरच्या ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातून परत फिरवले, त्याच देशाच्या संसदेत ८ ऑक्टोबर १९७१ रोजी तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी बहुसांस्कृतिकतेचे, म्हणजे सगळ्या संस्कृतींना मान देण्याचे, धोरण मांडले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदाही झाला. हा बदल मला वरवरचा वाटत नाही. माझी मुलगी तिथल्या शाळेत आपले नाव न बदलता, न आखडता वाढली.

आता वाट्याचे, म्हणजे नोकरीत आणि वरच्या जागांत हिस्सा मिळण्याचे. कोल्हापुरात मी एका सहकारी बँकेत अकरा वर्षे हिशेबाचे काम केले होते. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला पहिले वर्षभर प्रत्येक ठिकाणी ‘कॅनडातला अनुभव’ मागत. कालपरवा विमानातून उतरलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? असा आग्रह धरणे हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे, हे ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये जाहीर केले, पण तोपर्यंत मी एका कंपनीत बिले नोंदवण्याचे काम पत्करले होते. तिथे दरवर्षी २७ जूनला बहुसांस्कृतिकता दिन साजरा होई. एका वर्षी मी नऊवारी नेसून चाळीस पुरणपोळ्या करून नेल्या. त्या दिवशीचा माझा फोटो जिन्याजवळच्या भिंतीवर लागला आणि पाच वर्षे तिथेच राहिला. जिन्याच्या खाली फिलिपिनो, जमैकन, तमिळ, पंजाबी आणि मी. वरच्या मजल्यावर जवळजवळ सगळे गोरे. ज्या मुलाला मी खतावणी शिकवली, तो विभागप्रमुख होऊन वर गेला, तेव्हाही फोटो तसाच होता. मला ती जागा नाकारणाऱ्या बाईंनीच पुरण पोळीत कसे भरतात, हे कौतुकाने माझ्या शेजारी उभे राहून शिकून घेतले होते. त्यांची माया खोटी नव्हती. मला सर्वांत जास्त हेच सांगायचे आहे : माया खरी असते आणि नकारही खरा असतो.

हा केवळ माझ्या नशिबाचा भाग नव्हता. अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरांटो परिसरात बनावट नोकरी-अर्ज हजारोंच्या संख्येने पाठवून पाहिले. शिक्षण आणि अनुभव तिथलाच असूनही इंग्रजी नावांना चिनी, भारतीय वा पाकिस्तानी नावांपेक्षा मुलाखतीची बोलावणी सुमारे ४० टक्के अधिक आली. आपल्याकडे अशा रचनेला उतरंड म्हणतात. सगळी मडकी रंगवलेली असली तरी खालचे खालीच राहते.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या आणि शिवाय प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवावा, असे बजावले. मला त्या आदेशातले हे तक्त्याचे कलम फार मोलाचे वाटते, कारण मोजल्याशिवाय वाटा दिसत नाही. कॅनडाने १९८६ मध्ये रोजगार-समानतेचा कायदा करून मोजणी सुरू केली खरी, पण ती बँका, विमान कंपन्या अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या मालकांपुरती. आमची कंपनी तिच्या बाहेर होती.

आपण तरी काय करतो? शिरोलीला माझ्या भावाची फाउंड्री आहे. मोल्डिंगवर बहुतेक बिहार-ओडिशाचे कामगार आहेत, आणि छठपूजेला तो त्यांना सुटी देतो, याचा मला अभिमान आहे. त्यांच्यातला सुपरवायझर मात्र एकही नाही. त्यांतले दोघे तिथे बारा वर्षे आहेत. मी हे विचारते, तेव्हा भाऊ म्हणतो, “त्यांना मराठी लिहिता येत नाही.” तेव्हा मला ते ‘कॅनडातला अनुभव’ हे शब्द पुन्हा ऐकू येतात.

मुलाला पाठवावे की नाही, हे मी सांगणार नाही. पाठवायचे ठरले असेल, तर त्याच्या पदवीला तिथल्या परवाना मंडळाची मान्यता मिळायला किती वर्षे आणि किती पैसे लागतील, हे तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि तोवर घरखर्च कोण चालवणार, हेही त्याच्याशी बसून बोला.