साखर नसलेला केक

रविवार, रात्र

आईशी व्हिडिओ कॉल चालू होता तेव्हाच ओव्हन लावला. 450 फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात 230 सेल्सिअसच्या आसपास. आत बिडाचं पॅन सरकवलं, रिकामंच.

"अगं, नुसतं भांडं काय भाजतेस?"

"मक्याचा केक करतेय."

"साखर किती घालतात?"

"नाही घालत."

"गूळ?"

"तोही नाही. मैदाही नाही."

"मग केक कसला डोंबलाचा! भाकरी म्हण की."

अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसीत राहायला येऊन इतकी वर्षं झाली, पण हा मक्याचा केक, म्हणजे इथला कॉर्नब्रेड, म्हणजे काय हे इतकं थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे पलीकडच्या घरातल्या आजींचंही मत तंतोतंत हेच आहे. साखर पडली की तो केक, मग त्याला ब्रेड म्हणू नये. हे त्या इतक्या ठामपणे म्हणतात की समोरच्याची डब्यातून साखर काढायची हिंमतच होत नाही. (त्यांना मी इथल्या रीतीनं नावाआधी 'मिस' लावून हाक मारते. वय ऐंशीच्या पुढे गेलं तरी मिसच.)

आजींचं पॅन त्यांच्या आजीचं. आतून काळंभोर आणि इतकं गुळगुळीत, की बोट फिरवलं तर कडप्प्याच्या ओट्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. माझं नवीन आहे, त्याचा पृष्ठभाग खरखरीत. जुन्या काळी ओतकामानंतर आतली बाजू घासून गुळगुळीत करायचे, आता बहुतेक पॅन वाळूच्या साच्यातून निघाल्यावर जसं असेल तसंच पुढे जातं. माझं पॅन लॉज कंपनीचं, म्हणजे जवळपास घरचंच म्हणायचं. आम्ही चॅटनूगाला राहतो आणि त्यांचं साउथ पिट्सबर्ग हे गाव इथून पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर. जोसेफ लॉज यांनी 1896 मध्ये तिथे ओतशाळा काढली ती ब्लॅकलॉक या नावानं. 1910 मध्ये ती जळाली, मग थोड्या अंतरावर नवी बांधली आणि तिला लॉज हे नाव दिलं. दर एप्रिलच्या शेवटी त्या छोट्याशा गावात राष्ट्रीय कॉर्नब्रेड महोत्सव भरतो, 1997 पासून. आम्ही गेलो होतो. एका गल्लीत ओळीनं मांडव, प्रत्येकाचा वेगळा प्रकार, कुणी हालापिन्यो मिरची घातलेला, कुणी चीज, कुणी चक्क स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरीवाल्याकडे बघून आजी काय म्हणाल्या असत्या याची कल्पनाच केलेली बरी.

2002 पर्यंत ही पॅन करड्या रंगाची, कोरी मिळायची. घरी आणून तेल माखायचं, तापवायचं, पुन्हा माखायचं. आता कारखान्यातूनच तेल भाजून देतात. पण आपल्याकडे घावनाचा बिडाचा तवा कोकणातल्या कुठल्याही सुनेला जसा महिनोन् महिने सांभाळावा लागतो, तसंच हेही असतं. तेलाचा पातळ थर खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लोखंडावर टणक, काळी साय धरते. तीच खरी न चिकटणारी. ती एका दिवसात येत नाही, वापरूनच येते.

आता आजचं. दहा इंची पॅनला दोन कप मक्याची भरड, एक चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. दोन अंडी. दीड कप बटरमिल्क. हे आपलं ताक नव्हे, विरजण लावलेलं दाट असतं, दह्यात थोडं पाणी घालून घुसळलं तर जवळपास तसंच होतं. त्यातल्या आंबटपणानं सोडा फुलतो. भरड मात्र भरडच हवी. भारतीय दुकानातलं मक्याचं पीठ रोटीसाठी दळलेलं, अगदी बारीक. त्याचा कॉर्नब्रेड गिच्च होतो.

स्निग्ध पदार्थ हा इथे धर्माचा विषय. आजींच्या शेगडीशेजारी एक डबा असतो, बेकन तळल्यावर उरलेली चरबी गाळून त्यात साठवतात. आमच्या घरात ती येत नाही. मी साजूक तूप वापरते आणि माझं प्रामाणिक मत आहे की या कामाला लोण्यापेक्षा तूप कितीतरी चांगलं. लोण्यातला दुधाचा अंश इतक्या आचेला करपतो, तुपात तो आधीच काढलेला असतो. तीन मोठे चमचे तूप तापलेल्या पॅनमध्ये टाकलं, पॅन तिरकं करून कडांपर्यंत फिरवलं, त्यातलंच थोडं सरसरीत पिठात ओतून घेतलं. मग पीठ पॅनमध्ये.

चर्रर्र आवाज यायला हवा. आला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. बीड काही फार चांगलं उष्णतावाहक नाही, सावकाश तापतं आणि कुठे जास्त कुठे कमी. पण जाड आणि जड असल्यामुळे (माझं पॅन रिकामं सव्वादोन किलोच्या वर भरतं) एकदा तापलं की गार पीठ पडलं तरी लगेच निवत नाही. म्हणून वीस मिनिटं आत ठेवून तापवायचं. पीठ पडता क्षणी तळाचा थर तुपात तळला जातो, कडा उकळायला लागते, बारीक बारीक बुडबुडे पिवळ्या कडेला जाळी विणत वर येतात. थंड पॅनमध्ये ओतलं तर तोच तळ पांढरट, ओलसर राहतो आणि भांड्याला धरून बसतो. बाकी सगळं जमलं तरी हे जमलं नाही की कॉर्नब्रेड नाही. साखरेवरून एवढं भांडण होतं, पण मला विचाराल तर सगळी पाककृती या पहिल्या दहा सेकंदांतच आहे.

वीस-बावीस मिनिटांनी काढला. वर सोनेरी, मध्ये एक तडा. पॅनवर ताट पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी उलटं केलं. एवढं वजन उलटताना मनगट कुरकुरतं. तळ तांबूस-तपकिरी, कडेला जरा काळसर, टिचकी मारली तर वाजणारा. मक्यात गव्हासारखा चिवटपणा नाही, त्यामुळे आतून रवाळ, हातात धरला की भुगा सांडणारच. आई पडद्यावरून बघत होती. "धोंडसाचा रंग आलाय," म्हणाली. काकडीचं धोंडस ती अजून करते, पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. इथेही ओव्हन येण्याआधी तसंच करायचे, तीन पायांचं बिडाचं भांडं चुलीतल्या निखाऱ्यांवर आणि काठवाल्या झाकणावर आणखी निखारे.

साखरेच्या वादाबद्दल आजींना विचारलं तर एकच उत्तर, "ते उत्तरेतले लोक घालतात." हे खरंच आहे, उत्तरेत पिवळा मका, मैदा अर्धा, साखर भरपूर. दक्षिणेत पांढरा मका, गहू जवळजवळ नाही. पण याचं एक कारण मला जास्त पटतं. पूर्वी मका कणसातच पूर्ण पक्व होऊन वाळायचा आणि ओढ्यावरच्या पाणचक्कीत दगडी जात्यावर अंकुरासकट दळला जायचा. त्या पिठाला स्वतःची गोडी होती. विसाव्या शतकात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, अंकुर काढून टाकला म्हणजे पीठ टिकतं, त्यामुळे तो काढला गेला. पीठ टिकलं, चव गेली. मग ती गोडी साखरेनं भरून काढायची वेळ आली. मी मुद्दाम जात्याच्या भरडीची पिशवी मागवते. महाग पडते, पण ओव्हनमधून जो कणसासारखा वास येतो तो साध्या पिठाला येत नाही.

आता थोडं कामाचं, कारण मी इस्पितळात आहारतज्ज्ञ आहे आणि मक्याकडे मला निव्वळ स्वयंपाकीण म्हणून बघता येत नाही. मका मुळात इथल्या मूळ रहिवाशांचा. आमच्या गावातला नदीकाठचा रॉसचा धक्का, जिथे आता लोक संध्याकाळी फिरायला येतात, तिथून 1838 मध्ये चेरोकी लोकांना पश्चिमेकडे हाकलून दिलं. त्यांच्याकडे मका राखेच्या पाण्यात शिजवायची पद्धत होती. मका पुढे राहिला, ती पद्धत बहुतेकांनी सोडून दिली. गुलामांच्या शिध्यात तर मकाच मका. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 मध्ये लिहून ठेवलंय, माणशी महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस आणि एक बुशेल (सुमारे 35 लिटरचं माप) मक्याचं पीठ. मी आज तुपात तळलेल्या कडेचं कौतुक करतेय, पण हा पदार्थ ज्यांनी घडवला त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. त्यांना निवड नव्हती हे विसरून नुसतं 'परंपरा' म्हणणं मला जड जातं.

आणि मग पेलाग्रा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या गरीब कापूसमजुरांच्या अंगाला चट्टे, मग जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. लोकांना वाटायचं साथ आहे. 1914 मध्ये सरकारनं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना पाठवलं. मिसिसिपीतल्या कैद्यांना मक्यावर आणि काकवीवर ठेवून, आणि अनाथालयातल्या मुलांना दूध-मांस देऊन त्यांनी दाखवलं की हा संसर्ग नाही, जेवणातली कमतरता आहे. लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, विष्ठेच्या गोळ्यासुद्धा गिळल्या. कमी पडतं ते नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, हे पुढे 1937 मध्ये पक्कं झालं. मक्यात नायसिन असतं, पण बांधलेलं. राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यानं ते सुटतं. चेरोकींना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं आणि तरी त्यांना ते साधलं होतं. पुढे आपल्याकडे दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्यांमध्ये हाच आजार दिसला आणि हैदराबादला डॉ. गोपालन यांनी त्याचा माग काढला, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. तेव्हा मी तो धडा परीक्षेपुरता वाचला होता.

संध्याकाळी आजी आल्या. सोबत पिंटो बीन्सची भाजी, हिरव्या टोमॅटोचं आंबट लोणचं. मी लसणाची चटणी काढली. एक तुकडा त्यांनी चटणीला लावून खाल्ला आणि पाणी मागितलं, मग दुसरा घेतला. शेवटचा तुकडा मात्र त्यांनी काचेच्या उंच पेल्यात कुस्करला, वर थंड बटरमिल्क ओतलं आणि चमच्यानं खाल्ला. हे त्यांचं रात्रीचं जेवण, वर्षानुवर्षं.

मी त्यांना 1931 चं भांडण सांगितलं. लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणाले, पालेभाजीच्या पाण्यात कॉर्नपोन (मक्याची छोटी भाकरीच) बुडवून खावा. अटलांटाच्या एका वर्तमानपत्राचा आग्रह की कुस्करूनच खावा. आठवडेच्या आठवडे, मंदीच्या ऐन काळात, देशभर याच्यावर पत्रव्यवहार. आजी म्हणाल्या, "आमच्या घरी कधी प्रश्नच नव्हता, आमचे वडील कुस्करायचे." आमच्याकडे नवरा बुडवून खातो, मुलगी दोन्ही करते आणि टेबलभर सांडते. मी कुस्करणाऱ्यांमधली. लहानपणापासून भाकरी तशीच खात आले.

पॅन गरम पाण्यानं धुतलं, घासणी हलकीच फिरवली, पेटत्या शेगडीवर पाणी उडेपर्यंत ठेवलं आणि थेंबभर तेल चोळलं. साबण चालत नाही हे जुनं शास्त्र झालं, आताच्या साबणात पूर्वीसारखा कॉस्टिक सोडा नसतो, थोडा लावला तर काही बिघडत नाही. आजींसमोर हे बोलायची सोय नाही.

उरलेली भरड फ्रीझरमध्ये टाकली. अंकुरासकट दळलेलं पीठ बाहेर ठेवलं की महिन्याभरात खवट होतं. आता आईस्क्रीमच्या डब्याला जागा उरली नाही, त्यामुळे मुलीनं तो आधी संपवायचा ठराव मांडला आहे आणि बाबांचा त्याला पाठिंबा आहे.